सात दरवाजे आणि एक टेलिपोर्ट

ताई, नमस्कार.

आम्ही सहा जण दर शनिवारी संध्याकाळी कोथरूडला डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) हा गोष्ट रचत फाशांवर खेळायचा खेळ खेळतो. मी डीएम, म्हणजे गोष्ट आणि शत्रू चालवणारा. पहिल्या लेव्हलला सुरू केलेलं कॅम्पेन चार वर्षं चाललंय आणि पार्टी, म्हणजे बाकी पाच जणांच्या पात्रांचा गट, आता चौदाव्या लेव्हलला आहे: फायटर, पॅलाडिन (देवाला वाहिलेला योद्धा), क्लेरिक (पुजारी), विझार्ड (जादूगार) आणि रोग (भामटा). गेल्या महिन्यात मी एका आर्चमेजचा (महाजादूगाराचा) किल्ला बनवला. तीन आठवडे, ऑफिसमधून आल्यावर रात्री बसून. डोंगरातली वाट, खंदक, सात दरवाजे, प्रत्येक दरवाजावर वेगळा राखणदार. नकाशा हातानं काढून रंगवला. शनिवारी आमच्या विझार्डनं स्क्राइंग करून (जादूनं दूरचं बघून) आर्चमेजला त्याच्या अभ्यासिकेत पाहिलं आणि लगेच सगळ्यांना टेलिपोर्टनं, म्हणजे क्षणात दुसरीकडे पोचवणाऱ्या स्पेलनं (मंत्रानं), तिथे नेलं. दुसऱ्या राउंडला तो मेला. टाळ्या झाल्या, आरडाओरडा झाला आणि पाच मिनिटांनी टेबलावर कुणीच काही बोलेना. साडेआठला सगळे घरी गेले. नकाशाची गुंडाळी मी उघडलीसुद्धा नाही.

टेलिपोर्टवर बंदी घालू का? की इथेच थांबून पुन्हा पहिल्या लेव्हलपासून सुरू करू? मला खरं तर विसाव्या लेव्हलपर्यंत जायचंय. मी तुमच्यापेक्षा बराच लहान आहे, अरेतुरे करा.

– एक डीएम, पुणे

*

नकाशा फेकून दिला नसशील तर जपून ठेव. त्याच्याकडे शेवटी येऊ.

बंदी घालू नकोस. ते स्पेल हाती यायला तुझ्या विझार्डला तेरावी लेव्हल गाठावी लागली. सुरुवातीला ती गोब्लिनच्या एका बाणानं आडवी होत असेल, सगळ्यांच्या मागे उभी राहून जीव मुठीत धरून लढली असेल. आता कुठे तिची वेळ आली आहे. ती काढून घेतलीस तर तिची चार वर्षं तू तिच्या डोळ्यांदेखत पुसून टाकशील. आणि पहिल्या लेव्हलला परत गेलास तर आणखी चार वर्षांनी याच प्रश्नापाशी येऊन उभा राहशील. तुला विसाव्या लेव्हलपर्यंत जायचंय ना? मग याच पार्टीला घेऊन जा.

त्या शनिवारी काय घडलं ते आधी नीट बघू. तुला वाटतंय की टेलिपोर्टनं सगळं बिघडवलं. मला तसं वाटत नाही. तिथे तीन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी झाल्या.

पहिली गोष्ट म्हणजे स्क्राइंग. मॉन्स्टर मॅन्युअलच्या, म्हणजे शत्रूंच्या माहितीच्या पुस्तकाच्या, २०१४ च्या आवृत्तीत आर्चमेजच्या स्पेलच्या यादीकडे पुन्हा एकदा बघ. आठव्या लेव्हलला (स्पेललाही लेव्हल असतात) माइंड ब्लँक आहे आणि त्यावर खूण आहे: लढाईच्या आधीच तो ते स्वतःवर कास्ट करून ठेवतो. ते चोवीस तास टिकतं आणि तेवढा वेळ डिव्हिनेशनची, म्हणजे दडलेलं शोधून काढणारी, स्पेल त्याच्यावर चालत नाहीत. म्हणजे त्याला स्क्राइंगनं शोधणं शक्यच नव्हतं. त्याच्या स्वयंपाक्याला शोधता आलं असतं. त्याच्या शिष्येला, त्याच्या मोतद्दाराला शोधता आलं असतं. बघ, किल्ल्यात माणसं दिसायला लागली की नाही? वरच्या लेव्हलचा शत्रू सेशनच्या आदल्या रात्री त्याच्या जागी बसून वाचावा लागतो. याच्या हातात एवढी विद्या आहे, तर हा रोज सकाळी उठून काय करत असेल? यादीतल्या प्रत्येक स्पेलला हा एकच प्रश्न विचार.

दुसरी गोष्ट टेलिपोर्टची. त्याला नियमांत एक तक्ता आहे आणि ऐन रंगात तो उघडायचा राहून जातो. माझ्याही टेबलावर अनेकदा राहिला आहे. एकदाच पाहिलेली जागा असेल, मग ती जादूनं पाहिलेली का असेना, तर शंभराचा फासा टाकायचा. ७४ किंवा त्याहून जास्त पडले तरच नेमक्या जागी उतरता. ५४ ते ७३ पडले तर मूळ जागेपासून लांब कुठेतरी. ४४ ते ५३ म्हणजे तशीच दिसणारी दुसरी जागा, एखाद्या भलत्याच जादूगाराची अभ्यासिका. आणि १ ते ४३ म्हणजे अपघात: प्रत्येकाला तीन दहाच्या फाशांचं डॅमेज आणि पुन्हा फासा. एक नजर टाकून पहिल्याच फाशाला नेमकं त्या खोलीत पोचण्याची शक्यता शंभरात २७.

पण याच स्पेलमध्ये एक फट ठेवलेली आहे आणि मला ती फार आवडते. गेल्या सहा महिन्यांत त्या जागेतून उचललेली वस्तू हाताशी असेल तर टेलिपोर्ट चुकत नाही. ग्रंथालयातलं एखादं पुस्तक चालतं, पलंगपोस चालतो, फरशीचा तुकडासुद्धा चालतो. आता विचार कर. किल्ल्यातली धुणी कोण धुतं? त्याच्या पुस्तकांची बांधणी कुठल्या गावात होते? दुरुस्तीला आलेलं एक पुस्तक बांधणीवाल्याच्या दुकानात पडलेलं आहे आणि ते परत न्यायला त्याची शिष्या उद्या सकाळी येणार आहे. तुझ्या रोगला अख्खं सेशन मिळालं. विझार्डचं टेलिपोर्टही शाबूत राहिलं, उलट सगळी पार्टी त्या टेलिपोर्टसाठीच धडपडायला लागली.

संरक्षणाची स्पेलही आहेत. जागेला हेरगिरी आणि टेलिपोर्टपासून झाकणारं प्रायव्हेट सँक्टम चौथ्या लेव्हलचं आहे आणि एकाच जागी वर्षभर रोज कास्ट केलं तर कायमचं होतं. ते जरूर वापर, पण एखाद्या खोलीपुरतं. प्रत्येक भिंतीला जादूचं कुलूप लावलंस तर ती मागच्या दारानं घातलेली बंदीच होईल आणि खेळणाऱ्यांना ते लगेच कळतं.

तिसरी गोष्ट लढाईची. हिशोब मांडून बघ. पुस्तकाप्रमाणे आर्चमेजचे हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) ९९. चौदाव्या लेव्हलचा फायटर एका पाळीत तीन वार करतो, अ‍ॅक्शन सर्ज ही जादा कृतीची मुभा वापरली की सहा. मोठी तलवार असेल तर दोन सहाचे फासे, सरासरी ७, त्यात ताकदीचे ५. सहाही वार बसले तर ७२. पॅलाडिननं २०१४ च्या नियमांनी आपल्या दोन वारांवर वरच्या स्लॉटचं स्माइट (स्पेलची शक्ती खर्चून वाढवलेला मार) ओतलं तर आणखी ७० च्या घरात. दोघांच्या एकेका पाळीत माणूस संपतो. तो दुसऱ्या राउंडपर्यंत जगला तो काही वार हुकले म्हणून. पाच जणांसमोर एकटा शत्रू उभा करायचा म्हणजे त्यांच्या पाच पाळ्यांना त्याची एक. ५४६ हिट पॉइंटचा प्राचीन लाल ड्रॅगनसुद्धा मोकळ्या मैदानात एकटा सापडला तर फार काळ टिकत नाही आणि त्याच्याजवळ तर लेजेंडरी अ‍ॅक्शन (दुसऱ्यांच्या पाळ्यांनंतरच्या जादा कृती) असतात, दिवसातून तीनदा हुकलेला सेव्ह (जादूपासून वाचायचा फासा) जमवून घेण्याची सोय असते. तेव्हा मोठ्या शत्रूबरोबर त्याची माणसं ठेव. ती एकदम आणू नकोस. पहिल्या राउंडला चार, तिसऱ्याला दाराबाहेरून आणखी सहा. आणि त्याला पळून जायची अक्कल दे.

इथवरची डागडुजी नियमांची. हे सगळं केलंस तरी टेबलावरची ती शांतता पुन्हा येईल, कारण तिचं मूळ दुसरीकडे आहे. तू वाट अडवली होतीस. डोंगर, खंदक, दरवाजे. पाचव्या लेव्हलच्या पार्टीला 'तिथे पोचायचं कसं' हा खरा प्रश्न असतो आणि त्याची उत्तरं शोधण्यात तीन-तीन शनिवार मजेत जातात. चौदाव्या लेव्हलला पार्टी पोचणारच. भिंत आड येत नाही, अंतर आड येत नाही, मरणसुद्धा फारसं आड येत नाही. मग अशा माणसांना अडवतं काय?

याचं उत्तर आपल्या घरातच आहे. 'हा सूर्य आणि हा जयद्रथ' असं आपण बोलता बोलता म्हणून जातो, पण ती गोष्ट डीएमच्या नजरेनं एकदा आठवून बघ. तेराव्या दिवशी संशप्तकांनी अर्जुनाला आव्हान देऊन लांब ओढून नेलं आणि इकडे चक्रव्यूहात अभिमन्यू मारला गेला. अर्जुनाजवळ गांडीव होतं, दिव्य अस्त्रं होती, रथावर साक्षात श्रीकृष्ण. त्याला हरवेल असा कुणी समोर नव्हता. पण एका वेळी तो एकाच ठिकाणी असू शकत होता. चौदाव्या दिवशी त्याची प्रतिज्ञा: सूर्य मावळायच्या आत जयद्रथ, नाहीतर अग्निप्रवेश. मधे सगळी कौरवसेना. यातल्या कुणालाही तो हरवेल, पण प्रत्येकाशी लढत बसला तर सूर्य बुडेल. म्हणून तो द्रोणांनासुद्धा वळसा घालून पुढे निघतो. मागे युधिष्ठिर राहिला आहे, त्याला जिवंत पकडायचा द्रोणांचा डाव आहे. त्याच्या राखणीला सात्यकीला ठेवलं, तर युधिष्ठिर अर्जुनाच्या काळजीनं त्या सात्यकीलाच पुढे पाठवून देतो. आणि एवढं करून बाण सोडायची वेळ येते तेव्हा कृष्ण सांगतो, हे मस्तक जो जमिनीवर पाडेल त्याच्या डोक्याची शंभर शकलं होतील. मग ते मस्तक बाणांनी उडवत थेट जयद्रथाच्या बापाच्या मांडीवर नेऊन टाकायचं.

विसाव्या लेव्हलच्या सेशनचा यापेक्षा चांगला आराखडा मला माहीत नाही. यात एकही बंद दरवाजा नाही. घड्याळ आहे, एकाच वेळी दोन ठिकाणची काळजी आहे, स्वतःच दिलेला शब्द आहे आणि मारणं सोपं असलं तरी कसं मारायचं याची एक अट आहे.

हेच तुझ्या आर्चमेजला लावून बघ. समज, किल्ल्याच्या वर एक मोठं धरण आहे आणि ते त्याच्या जादूवर उभं आहे. खाली तीन गावं. तो मेला की धरण फुटणार आणि हे पार्टीला आधीच कळलेलं आहे. आता तुझ्या विझार्डला टेलिपोर्ट करू दे, फायटरला सहा वार करू दे. त्याआधी त्यांना बसून बोलावं लागेल. गावं रिकामी करायची? कुणी करायची, आणि म्हाताऱ्या माणसांनी घर सोडायला नकार दिला तर? क्लेरिक आणि पॅलाडिन खाली गेले तर वर तिघंच उरतात. तुझ्या टेबलावर त्या शनिवारी जी शांतता झाली ती संपून गेल्याची होती. अशा प्रश्नानंतर जी शांतता होते ती वेगळी असते. त्यात लोक एकमेकांकडे बघत असतात.

माझ्या टेबलावरची एक गोष्ट सांगते. पार्टी पंधराव्या लेव्हलला होती. पहिल्या सेशनपासून त्यांना सांभाळणारी एक म्हातारी पुजारीण होती, त्यांच्या गावच्या देवळातली. शत्रूनं तिला मारलं. आमच्या क्लेरिकनं शांतपणे थैलीतून हजार मोहरांचा हिरा काढला आणि मेलेल्याला परत आणणारं रेझरेक्शन म्हटलं. तासभर कास्ट करायचं असतं, तो तास आम्ही दोन वाक्यांत उरकला. बाकीचे आपल्या शीटवर (पात्राच्या माहितीच्या कागदावर) हिट पॉइंट भरत होते. त्या स्पेलमध्ये एक अट आहे, ती सहसा कुणी वाचत नाही: आत्मा मोकळा हवा आणि परत यायला राजी हवा. मी म्हटलं, "हिरा विरघळत नाही. ती नाही म्हणते आहे."

क्लेरिक खेळणाऱ्या मुलीच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. मग तिनं विचारलं, "का?" पुढची तीन सेशन त्या एका शब्दावर चालली. पार्टीनं दुसऱ्या लोकात नेणारं प्लेन शिफ्ट वापरून तिच्या देवतेच्या लोकापर्यंत प्रवास केला, केवळ तिला भेटून कारण विचारायला. वाटेत लढाया झाल्या, त्या आता कुणाला आठवत नाहीत. तिनं दिलेलं उत्तर सगळ्यांना आठवतं.

मेलेल्याला उठवणारी आणखीही स्पेल आहेत: रिव्हाइव्हिफायला तीनशेचा हिरा, रेझ डेडला पाचशेचा, ट्रू रेझरेक्शनला पंचवीस हजारांचे. तुझी पार्टी मरणाला घाबरत नसेल तर त्यात तिचं काही चुकलेलं नाही. तिला अशा गोष्टींची काळजी लाव ज्या हिऱ्यानं परत येत नाहीत: दिलेला शब्द, एखाद्या गावाचा विश्वास, चार वर्षं जपलेली मैत्री.

आता तयारीबद्दल. तीन आठवडे जागून तू जागा तयार केल्यास. यापुढे जागांवर इतका जीव ओतू नकोस, माणसांवर ओत. मी प्रत्येक महत्त्वाच्या माणसासाठी वहीचं एक पान ठेवते. त्याला काय हवंय, कुणी आडवं आलं नाही तर पुढच्या आठवड्यात तो काय करेल आणि पार्टीबद्दल त्याला काय काय माहीत आहे. या तीन ओळी पक्क्या असल्या की पार्टी दिल्लीला जावो की गल्लीला, माझी तारांबळ उडत नाही. आणि सेशन संपताना, सगळे बॅगा उचलायच्या आत विचारायचं, "पुढच्या शनिवारी कुठे जाणार?" टेलिपोर्ट असलेली पार्टी कुठेही जाऊ शकते, म्हणूनच हा प्रश्न विचारल्याशिवाय कुणाला उठू देऊ नकोस. उत्तर मिळालं की आठवडाभर फक्त तेवढंच तयार कर.

वेळेचंही थोडं बघ. या लेव्हलला प्रत्येकाच्या शीटवर इतकं काही असतं की एकेक पाळी चार-चार मिनिटं खाते. पाच जणांची वीस मिनिटं, त्यात तुझे राक्षस. राक्षसांचं डॅमेज सरासरीच धर, पुस्तकात तो आकडा छापलेलाच असतो. फायटरला सगळे फासे एकदम टाकायला सांग. आणि पाळी पुकारताना दोन नावं घे: "आता रोग, पुढे क्लेरिक." एवढ्यानं बराच फरक पडतो.

आता तुझा किल्ला.

हा खेळ घडवणाऱ्यांना या अडचणीची जाणीव फार आधीपासून होती. १९७८ च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये फायटर नवव्या लेव्हलला लॉर्ड होतो, गढी बांधू शकतो आणि त्याच्या पदरी सैनिक येतात. १९८४ मध्ये पंधराव्या ते पंचविसाव्या लेव्हलसाठी नियमांची वेगळी पेटी निघाली, तिच्यात राज्य चालवायचे आणि सैन्यं लढवायचे नियम होते. २०२४ च्या नियमांत तर पाचव्या लेव्हलपासूनच स्वतःचं ठाणं मिळतं. मोठं झालेल्या माणसांनी दुसऱ्यांच्या घरात घुसणं कमी करून स्वतःचं घर सांभाळायला लागावं, असा तो विचार आहे आणि मला तो मनापासून पटतो.

तुझ्या पार्टीनं आर्चमेजला मारलं. त्याच्या सात दरवाजांना हातही लावला नाही. म्हणजे सातही दरवाजे धड आहेत, सातही राखणदार जिवंत आहेत आणि खंदकात पाणी आहे. अभ्यासिकेत मालकाचं प्रेत आहे आणि बाहेर कुणाला अजून पत्ता नाही. त्याच्या शिष्येचं एक पान लिही. शेजारच्या राजाचं एक लिही, त्याला हा डोंगर कधीपासून हवा असेल. खालच्या गावातल्या पाटलाचं एक लिही, त्याच्याकडे तीन वर्षांच्या धान्याची उधारी राहिली आहे. राजाच्या पदरीही एक विझार्ड असेल आणि टेलिपोर्ट तिलाही येत असेल. ती अभ्यासिकेत पूर्वी पाहुणी म्हणून येऊन गेली असेल, जाताना वाचायला एखादं पुस्तक घेऊन गेली असेल. किती महिन्यांपूर्वी, ते तू ठरव.

या शनिवारी सगळे बसले की नकाशाची गुंडाळी सोड आणि टेबलावर पसर. चारी कोपऱ्यांवर चहाचे कप ठेव. म्हण, अभ्यासिकेच्या दारावर थाप पडते आहे. बाहेर सातव्या दरवाजाचा राखणदार किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभा आहे आणि विचारतो आहे, "आज दिवेलागणीनंतर दरवाजे लावायचे की उघडे ठेवायचे?"